पवना-इंद्रायणीकाठचे काककुळ

वसंत ऋतू आला की कोकिळेचे कौतुक करावे असा आपल्याकडे प्रघात आहे. कवींनी तो पाडला, शाळामास्तरांनी चालविला आणि वसंतातील व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांनाही त्याची सवय झाली आहे. पण ज्या झाडावरून चैत्र-वैशाखात कोकीळ गात असतो, त्याच झाडावर, पुष्कळदा दोन-तीन फांद्या सोडून, एक कावळी काड्याकुड्यांच्या घरट्यात अंडी उबवीत बसलेली असते. आणि त्या अंड्यांत एखादे त्या गाणाऱ्याचेही असण्याचा संभव असतो. गाण्याचे श्रेय एकाने घ्यावे आणि बाळंतपण दुसऱ्याने काढावे, असा हा मामला आहे. म्हणून यंदा आम्ही बाळंतपण काढणाराच्या बाजूने चार गोष्टी सांगावयाच्या ठरविल्या आहेत.

प्रथम गोत पाहू. कावळ्याच्या कुळाला शास्त्रात ‘कॉर्व्हिडी’ म्हणतात. जगभर या कुळाच्या सुमारे १३० जाती आहेत. थंड मुलखातले भलेमोठे रॅव्हन, युरोपातले मॅगपाय, हिमालयातील ओक-देवदारांच्या रानात राहणारे रंगीत जे पक्षी, ही सारी त्याच कुळातली भावंडे. आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकण, खेड, मावळ या टापूत मात्र त्यांपैकी तिघेच नांदतात : गावकावळा, डोमकावळा आणि टकाचोर. जे पक्षी आपल्याकडे नाहीतच. इंग्रज अंमलदार ज्याला ‘ब्लू जे’ म्हणत, तो आपला नीलपंख ऊर्फ चास होय. दसऱ्याच्या दिवशी त्याचे दर्शन शुभ मानतात. तो तारेवर बसलेला असतो तेव्हा कोणी त्याच्याकडे बघतही नाही. उडाला की पंखांतली निळाई अशी उघडते की पाहणारा जागीच थांबतो. पण त्याचे नाते खंड्याशी आहे, कावळ्याशी नाही. साहेबाने आपल्या देशातील एका पक्ष्याचे नाव इथल्या भलत्याच पक्ष्याला देऊन टाकले, एवढेच.

नावाची अशी गफलत आपणही केली आहे. बंधाऱ्याच्या दगडावर पंख पसरून वाळवीत बसतो तो पाणकावळा. त्याचा कावळ्याशी काळ्या रंगापलीकडे संबंध नाही. बांधाच्या झुडपांतून विटकरी पंखांनी जड जड चालणारा कुंभारकावळा म्हणजे भारद्वाज. तो तर चक्क कोकिळेच्या कुळातला. मौज अशी की, कोकिळेच्या कुळात जन्मूनही हा गृहस्थ आपले घरटे आपण बांधतो आणि आपली पोरे आपण वाढवितो. कुळावरून कोणाची परीक्षा करू नये म्हणतात, त्याला पक्ष्यांतही आधार आहे.

आता खऱ्या तिघांकडे वळू. गावकावळा सर्वांच्या ओळखीचा. अंगाने काळा, पण मान आणि छाती राखाडी. याला १८१७ साली व्हिएयो या फ्रेंच शास्त्रज्ञाने नाव दिले ते ‘कॉर्व्हस स्प्लेंडेन्स’, म्हणजे तेजस्वी कावळा. ज्याला आपण घाणीवर बसलेला पाहून हाकलतो त्याला परक्याने तेजस्वी म्हणावे याचे नवल वाटेल. परंतु सकाळच्या कोवळ्या उन्हात कौलावर बसलेल्या कावळ्याच्या पाठीवर जांभळी-निळी झाक कशी खेळते हे एकदा नीट पाहावे, म्हणजे व्हिएयो अगदीच वेडा नव्हता हे पटेल. या पक्ष्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य असे की, तो माणसावाचून राहतच नाही. जेथे माणसाची वस्ती नाही तेथे गावकावळा बहुधा नाही. डोंगरात वाट चुकलेल्या माणसाला राखाडी मानेचा कावळा दिसला तर त्याने धीर धरावा. गाव फार दूर नसते.

डोमकावळा अंगाने थोराड, सबंध काळा, चोच जाड आणि वरून बाकदार. गावकावळा सुमारे ४० ते ४३ सेंटिमीटर लांबीचा, तर हा ४८च्या आसपास. आवाज घोगरा आणि खोल. हा गावाच्या कडेला, शेतात, टेकडीवर, नदीकाठच्या झाडीत अधिक असतो. मेलेले जनावर प्रथम त्याच्याच दृष्टीस पडते. रानात वाघाने मारलेली शिकार कोठे पडली आहे हे शिकारी लोक पूर्वी डोमकावळ्यांच्या ओरडण्यावरून शोधीत. माणसाच्या उंबरठ्यावर तो गावकावळ्याइतका निर्लज्जपणे येत नाही; पण वस्ती त्याच्या रानात शिरली तर तोही हळूहळू भीड सोडतो.

तिसरा टकाचोर. याला पाहिलेले लोक थोडे आणि ऐकलेले त्याहून थोडे. आणि ज्यांनी ऐकले त्यांतल्या बहुतेकांना तो कावळ्याचा चुलतभाऊ आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. डोके काजळी रंगाचे, अंग विटकरी, पंखांवर पांढरट पट्टा आणि शरीराहून लांब भासणारी राखाडी शेपटी, तिच्या टोकाला काळी किनार. उडताना दोन-चार पंख मारावे, मग शेपटी पसरून तरंगत जावे, अशी त्याची डौलदार चाल. आवाज तर अनेक : कधी कर्कश खरखर, कधी मधुर, घंटेसारखी तीन सुरांची लकेर. नाव टकाचोर असले तरी त्याने कोणाचा पैसा नेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. चोरी करतो ती दुसऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांची आणि पिलांची. शिवाय फळे, किडे, सरडे, बेडूक, जे मिळेल ते. कवंडळाची लाल फळे, जी माणसाने तोंडात घालू नयेत, तीही तो सुखाने खातो. त्याला दाट, जुनी झाडे हवीत : आमराई, नदीकाठची करंज-उंबरांची राई, डोंगरउताराची झाडी. म्हणून आपल्या भागात तो पाहावयाचा तर मावळच्या बाजूला जावे, किंवा ज्या गावाने आपली जुनी आमराई अजून विकली नाही अशा गावाला जावे. टकाचोर कोठे आहे हे पाहिले म्हणजे जुनी झाडी कोठे उरली आहे हे नकाशावाचून कळते.

कोकिळेचे प्रकरण मघाशी अर्धे सोडले होते. पक्ष्यांच्या शास्त्रीय वर्गीकरणात ‘गाणाऱ्या पक्ष्यां’चा एक मोठा गट आहे. बुलबुल, दयाळ, चिमणी हे त्यात येतात, आणि कावळाही येतो. कंठातील स्वरयंत्राची रचना व आप्तसंबंध यांवरून हा गट ठरतो, गोडव्यावरून नव्हे. कोकीळ मात्र त्यात येत नाही! म्हणजे शास्त्राच्या दप्तरात कावळा गवई आणि कोकीळ बिनगवई. आणखी एक, ‘कुहू कुहू’ करते ती कोकिळा नव्हे, तो कोकीळ, म्हणजे नर. तो काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके व पट्टे असलेली; ती मुकाट्याने पानाआड बसते. कवितेतून जी गाते ती प्रत्यक्षात बहुधा कावळ्याच्या घरट्यावर नजर ठेवून असते.

हा डाव कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. दख्खनच्या या भागात कावळ्यांचा विणीचा मुख्य काळ एप्रिल ते जून. नर कोकीळ घरट्याजवळ येऊन मुद्दाम दिसतो, ओरडतो. कावळे चिडून त्याच्या पाठीमागे लागतात, आणि तेवढ्या वेळात मादी घरट्यात शिरून अंडे घालून जाते. कावळ्याची अंडी फिकट निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची. कोकिळेचे अंडे आकाराने लहान, पण रंगाने बरेचसे मिळतेजुळते. कावळ्याचे अंडे फुटावयास सोळा-सतरा दिवस लागतात, कोकिळेचे बारा ते चौदा दिवसांत फुटते. तेव्हा पाहुण्याचे पोर आधी जगात येते आणि आधी तोंड उघडते. युरोपातल्या कुकूचे पिलू घरमालकाची अंडी पाठीवर घेऊन बाहेर ढकलून देते. आपल्याकडील कोकिळेचे पिलू सहसा इतके दुष्ट नसते. कित्येकदा कावळ्याची पोरे आणि ते एकत्र वाढतात. पण चारा वाटला जातो, आणि जी पोरे मागाहून जन्मली ती मागे पडतात. हे पिलू प्रथम काळपट असते. त्यानेही फसवणुकीला हातभार लागत असावा. ते उडावयास लागल्यावरही कावळे त्याला कित्येक दिवस भरवीत असतात. ज्याला आपण जगातला सर्वांत धूर्त पक्षी म्हणतो, तो या एका ठिकाणी दरसाल फसतो. धूर्तपणाला वात्सल्य आड येते असे म्हणावयाचा मोह होतो. पण पक्ष्यांच्या मनातले आपण बोलू नये.

आता या टापूकडे पाहू. चिंचवडच्या नावातच चिंच आणि वड आहेत. शंभर वर्षांपूर्वी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, निगडी, मोशी ही शेतीची गावे होती. गावात गावकावळा, शिवारात डोमकावळा, राईत टकाचोर, अशी वाटणी जवळजवळ ठरल्यासारखी असे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि त्यानंतर भोसरी-आकुर्डीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. पुढे हीच लाट इंद्रायणी ओलांडून चाकणच्या माळावर गेली. ज्या चाकणची ओळख १६६०च्या वेढ्यात फिरंगोजी नरसाळ्याने झुंजविलेला भुईकोट किल्ला, नाहीतर कांद्या-बटाट्याचा आणि जनावरांचा बाजार, अशी होती, तेथे आज मोटारी तयार होतात.

कारखाना आला की उपाहारगृह येते. उपाहारगृह आले की उष्टे येते. आणि उष्टे आले की गावकावळा येतो. मागोमाग चाळी, झोपड्या, वसाहती, मटणाची दुकाने, भाजीबाजार, आणि या सर्वांचा कचरा. गावकावळ्याच्या दृष्टीने पाहिले तर गेली सत्तर वर्षे ही त्याच्यासाठी चाललेली एक मोठी पंगत आहे. डोमकावळ्यालाही या पंगतीत कोपऱ्याची जागा मिळाली. उठून जावे लागले ते टकाचोराला. त्याला उष्ट्यापेक्षा झाडाची गरज अधिक.

पण पंगत असली तरी बसावयास पाट हवा. घरट्याला मजबूत बेचके लागते, आणि रुंद झालेल्या रस्त्यांनी जुने वड, चिंच, लिंब खाल्ले. तेव्हा कावळ्याने विजेचे खांब, दिव्यांचे मनोरे, मोबाइलचे मनोरे जवळ केले. काड्यांच्या जोडीला त्याने तारा आणल्या. बांधकामावर सळया बांधण्याची काळी तार सगळीकडे पडलेली असते. ती वाकते, अडकते, कुजत नाही. नुसत्या तारेचे म्हणावे असे घरटे या भागातील रस्त्यांवर पाहावयास मिळते; आत मात्र काथ्या, केस, चिंध्या यांचे मऊ अस्तर असतेच. हा उद्योग नवा नाही. मुंबईत एका कावळ्याच्या जोडीने दुकानाच्या उघड्या खिडकीतून चष्म्यांच्या सोन्यारुप्याच्या काड्या पळवून त्यांचे घरटे केल्याची गोष्ट पक्ष्यांवरील जुन्या इंग्रजी पुस्तकांतून सांगितली आहे. आपला कावळा औद्योगिक वसाहतीतला, म्हणून त्याच्या वाट्याला लोखंड आले. विजेच्या खांबावर अशी तार दोन वाहकांना टेकली की वीज जाते, कावळाही जातो, आणि मग घरटी काढणारी शिडी येते.

येथे एका नाजूक विषयाला हात घालावा लागतो. आळंदीला इंद्रायणीच्या काठी, चिंचवडला पवनेच्या घाटावर, गावोगावच्या नदीकाठी दहाव्या दिवशी पिंड ठेवतात आणि सारे घर कावळ्याची वाट पाहत उभे राहते. कावळा लवकर शिवला तर मृताची इच्छा तृप्त झाली. शिवला नाही तर काहीतरी मागे राहिले. मग नातेवाईक एकेक वचन देऊ लागतात : मुलांना सांभाळू, कर्ज फेडू, भावाभावांत भांडण ठेवणार नाही. आम्ही अशा प्रसंगी पुष्कळदा उभे राहिलो आहोत, आणि त्या वचनांतली सचोटी पाहून आमचा आवाजही बसला आहे. तेव्हा पुढील गोष्टी टवाळीसाठी सांगत नाही. परंतु कावळा शिवला नाही म्हणून सुनेकडे बोट दाखविले जाते, धाकट्या मुलाला जन्मभर खंत लागून राहते, हेही आपण पाहतो. म्हणून कावळ्याची बाजू सांगणे भाग आहे.

कावळा भुकेला असतो तो पहाटे, रात्रीच्या झाडावरून निघाल्यावर. ज्या घाटावर सकाळपासून अनेक पिंड मांडले जातात तेथे अकरा-बारा वाजेपर्यंत त्याचे पोट भरलेले असते. उन्हाळ्यात दुपारी तो सावलीत चोच उघडी टाकून बसतो. समोर पक्वान्न असले तरी हलत नाही. भाताच्या गोळ्यापेक्षा तळलेले, तेलकट, मांसमासळीचे त्याला अधिक आवडते. पिंडाजवळ मृताच्या आवडीचा पदार्थ ठेवल्यावर कावळा आला, असे पुष्कळांचे सांगणे असते. त्यात मृताची आवड असेल, पण कावळ्याचीही असते! नव्या वस्तूला तो बिचकतो, गर्दीला त्याहून बिचकतो. एकाने चोच मारली की बाकीचे निःशंक येतात. पहिला कोण होणार याचाच सारा खोळंबा. आणि वचन देताना आपण काय करतो? हात जोडतो, मागे सरतो, स्तब्ध राहतो. कावळ्याला हवे असते ते नेमके हेच. बाकी कावळा न आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावावा, अशी सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवलीच आहे. त्यांनाही पक्ष्याचा स्वभाव ठाऊक होता, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो.

जाता जाता एक विसंगती नोंदवून ठेवतो. घाटावर ज्याच्या स्पर्शाने माणूस सुटतो असे आपण म्हणतो, त्याच पक्ष्याचे नाव घेऊन घरातल्या बाईला ‘कावळा शिवला’ म्हणून महिन्याचे चार दिवस बाजूला बसविले जाई. काही घरांत आजही बसवितात. एकाच चोचीला एके ठिकाणी मोक्ष आणि दुसऱ्या ठिकाणी विटाळ चिकटविणारी बुद्धी कावळ्याची खासच नव्हे.

अलीकडे पितृपंधरवडा आला की एक मजकूर हातोहाती फिरू लागतो. कावळ्याच्या पोटातून गेल्याखेरीज वड-पिंपळाचे बी रुजत नाही. कावळ्याची वीण भाद्रपदात होते. म्हणून ऋषींनी श्राद्धात काकबळी सांगितला. असा त्याचा आशय. वाचावयास गोड आहे, पण त्यातले मुख्य मुद्दे टिकत नाहीत. आपल्याकडे कावळ्याची वीण वैशाख-ज्येष्ठाची; भाद्रपदात त्याची पोरे उडून मोठी झालेली असतात. वड-पिंपळाची फळे कावळा खातो आणि बी टाकतो हे खरे. पण तेच काम तांबट, बुलबुल, साळुंकी, हरियाल, वटवाघळे आणि खुद्द कोकीळही करीत असतात. कोकिळेचे प्रौढ पक्षी तर बहुतांशी वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवरच जगतात. बी पक्ष्याच्या पोटातून गेले तर त्याला मदत होते. दूर जाऊन पडते हा मोठाच फायदा. पण तो एकच मार्ग आहे आणि त्याचा ठेका एकट्या कावळ्याकडे आहे, हे खोटे. काकबळी घालावयाचा असेल तर पितरांसाठी घालावा. वनस्पतिशास्त्राला त्यात साक्षीला बोलावू नये. ते उलट साक्ष देते.

कावळ्याच्या बुद्धीविषयी मात्र लोकांनी जे सांगितले त्याला शास्त्राने अलीकडे मोठी पुष्टी दिली आहे. मडक्यात खडे टाकून पाणी वर आणणारा कावळा ही गोष्ट इसापाची. आपण सर्व तिच्यावर वाढलो. २००९ साली इंग्लंडात केंब्रिजच्या संशोधकांनी ती प्रत्यक्ष करून पाहिली. नळीत पाणी, पाण्यावर तरंगणारा किडा, बाजूला दगड. कावळ्याच्या कुळातल्या रूक पक्ष्यांनी दगड टाकून पाणी वर आणले व किडा घेतला. लहान दगडांपेक्षा मोठे दगड निवडले. नळीत पाण्याऐवजी लाकडाचा भुसा ठेवला तर त्याचा उपयोग नाही हेही ते लवकरच शिकले. न्यू कॅलेडोनिया बेटावरील कावळ्यांच्या जातीतील बेटी नावाच्या मादीने २००२ साली ऑक्सफर्ड येथे सरळ तार वाकवून तिचा आकडा केला आणि नळीतले खाद्य ओढून काढले. आपल्या चाकणच्या तार उचलणाऱ्याला याचे फारसे नवल वाटणार नाही. अमेरिकेत सिअॅटल येथे संशोधकांनी एक मुखवटा घालून काही कावळे पकडले व सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसला की कावळे आरडाओरड करीत, आणि ज्यांना कधी पकडले नव्हते तेही त्यात सामील होत. म्हणजे वैर शिकविले जाते. अंगणातल्या कावळ्याला दगड मारणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. त्याच्या घरी पितृपंधरवड्यात ताट वाळत राहिले तर पितरांना दोष नको.

या बुद्धीला घर कोठे, हाही प्रश्न होता, कारण पक्ष्याचा मेंदू तो केवढासा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, कावळे व पोपट यांच्या मेंदूतील पेशी इतक्या दाट असतात की, तेवढ्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूच्या पुढील भागापेक्षा त्यांची संख्या अधिक भरते. कावळा एकाक्ष असल्याचे आपण मानतो. रामाच्या दर्भास्त्राने त्याचा डोळा गेला अशी कथा आहे. वस्तुतः त्याला दोन्ही डोळे उत्तम असतात. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे वस्तू निरखताना तो मान तिरपी करून एकेक डोळा लावतो, एवढेच. पंचतंत्रातील काकोलूकीयाचे वैर मात्र खरे आहे. दिवसा घुबड दिसले की कावळे जमून त्याला सळो की पळो करतात, आणि रात्री मोठी घुबडे झोपलेल्या कावळ्यांना उचलतात. ते लिहिणाराने रात्रीच्या झाडाखाली बराच वेळ काढला असावा.

हा आपला घरचा पक्षी जहाजांतून परदेशीही गेला. एडन, पूर्व आफ्रिका, थेट हॉलंडच्या बंदरापर्यंत पोचला. झांझिबारला तर १८९०च्या सुमारास इंग्रजांनी त्याला कचरा साफ करण्यासाठी मुद्दाम नेले. कचरा संपला नाही. कावळे मात्र वाढले आणि त्यांनी तेथील लहान पक्ष्यांची अंडी-पिले फस्त करावयास सुरुवात केली. २०२४ साली केनिया सरकारने दहा लाख गावकावळे मारण्याचा बेत जाहीर केला. हे ऐकून आपण हळहळण्यापूर्वी एवढे समजून घ्यावे की, जेथे उघडा कचरा तेथे कावळा प्रमाणाबाहेर वाढतो, आणि त्याची किंमत बुलबुल, शिंपी, होला यांच्या घरट्यांना मोजावी लागते. पिंपरी-चिंचवडमध्येही ते वेगळ्या रीतीने घडत नाही. मोशीच्या कचरा डेपोवर घारी, बगळे आणि कावळे यांची जत्रा आपण पाहिलेली आहे. तेथे १ ऑगस्ट २०२३ रोजी कचऱ्यापासून वीज करण्याच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. कचरा जसा झाकला आणि जाळला जाईल तशी ही पंगत आटत जाईल. ‘पूर्वी दारात कावळा यायचा, आता येत नाही’ अशी तक्रार पुष्कळ करतात. त्यांच्या दारासमोरचे झाड गेले आहे आणि कोपऱ्यावरची उघडी कचराकुंडीही गेली आहे, हे ते जमेस धरीत नाहीत. दुसरी गेली ते बरेच झाले. पहिले जावयास नको होते.

कायद्यानेही कावळ्याला बराच काळ वाऱ्यावर सोडले होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक यादी होती. तीत उंदीर, फळे खाणारी वटवाघळे यांच्या पंक्तीला कावळा होता, म्हणजे त्याला मारण्यास आडकाठी नव्हती. २०२२च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती अमलात आली. रोग मात्र कायदा पाहत नाही. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले, आणि तपासणीत तो बर्ड फ्लू ठरला. एका झाडाखाली अनेक कावळे मेलेले दिसले तर त्यांना हात लावू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये आणि पशुसंवर्धन विभागाला कळवावे. रोगाची पहिली वर्दी पुष्कळदा कावळाच देतो.

शेवटी एका व्यावहारिक गोष्टीकडे लक्ष वेधतो. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, रस्त्यावरच्या आणि सोसायट्यांतल्या झाडांच्या फांद्या छाटल्या जातात. वादळात फांदी पडून माणूस मरू नये हा हेतू योग्यच आहे. पण काळ नेमका कावळ्यांच्या विणीचा, आणि त्यांच्याबरोबर कोकिळेच्याही. हेच काम जानेवारी-फेब्रुवारीत केले तर फांद्याही उतरतील आणि घरटीही राहतील. खर्च तेवढाच येईल. १९७५च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली महानगरपालिकेचे वृक्ष प्राधिकरण असते, आणि झाड तोडावयास त्याची परवानगी लागते. छाटणीचा महिना बदलण्याचा अर्ज ज्या सोसायटीला करावयाचा असेल तिने तो दिवाळीनंतर लगेच द्यावा, कारण एप्रिलमध्ये दिलेल्या अर्जावर जूनमध्ये विचार होतो.

आणि ज्यांना संध्याकाळी फिरावयास जाण्याची सवय आहे त्यांनी पवनेच्या एखाद्या पुलावर सूर्यास्तापूर्वी अर्धा तास उभे राहावे. दिवसभर विखुरलेले कावळे त्या वेळी आपल्या रात्रीच्या झाडाकडे परतत असतात. कोणत्या दिशेने येतात, कोणत्या दिशेला जातात, राखाडी मानेचे किती आणि सबंध काळे किती, हे एका वहीत तारखेसह मांडावे. पहिल्या दिवशी मोजताना गोंधळ होतो. दहा-दहाचे गट करून मोजले म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी डोळा बसतो. महिन्यातून दोनदा, वर्षभर.

अशा दहा वह्या जरी पुढच्या वसंतापर्यंत भरल्या, तरी कावळे कमी झाले की नुसते दुसरीकडे गेले, या वादात आम्हांला आज जे अंदाजाने बोलावे लागते ते आकड्यांनी बोलता येईल. आणि एखाद्या वहीत ‘लांब शेपटीचा, विटकरी, एक’ अशी नोंद सापडली, तर ती कोठली ते आम्हांला जरूर कळवावे. आम्ही दुसऱ्याच दिवशी त्या झाडाखाली येऊ.